मुकीचं बी

नीलव्वा बी द्यायच्या आधी माणसाच्या घरात कोण कोण आहे ते विचारायची. दोडका, घेवडा, मेथी मागणाऱ्याला नाही. ते बी ती आठवडी बाजारात पोत्यावर बसून येईल त्याला द्यायची. पण भवानी पेठेतल्या तिच्या घरामागच्या अंगणात येऊन, आवाज खाली आणून जो 'ते दुसरं बी' मागायचा, त्याला आधी जोत्यावर बसावं लागे. ते दुसरं बी म्हणजे गांजाचं. कुणासाठी पाहिजे, काय दुखतं, झोप लागते का, हे सगळं ती शांतपणे विचारून घ्यायची. शेवटी कमरेवर हात ठेवून एकच प्रश्न असे.

"घरात मिसरूड फुटलेलं पोरगं हाय का?"

माणूस हो म्हणाला की विषय मिटला. "मग न्हाय," म्हणून ती आत निघून जायची. त्यानं मागाहून कितीही विनवण्या केल्या तरी ती पुन्हा बाहेर येत नसे.

मी सत्तर साली मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून सोलापूरला आले आणि तिच्या अंगणातली खोली भाड्यानं घेतली. खोली दाखवतानाच तिनं मला सांगून टाकलं होतं, "बाई, मागं झाडं हायत. वास येतो. चालत नसंल तर आत्ताच सांगा, मागनं तोंड वाकडं करू नका." मी बार्शीकडची, मला झाड ओळखू आलं नाही. झेंडूसारखा उग्र, थोडा कोंदट वास होता. मला खोली हवी होती आणि तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. मी राहिले, आणि बदली होईपर्यंत तिथंच होते.

ती उंच आणि काटक होती. कपाळाला विभूती आणि गळ्यात चांदीच्या करंडीत लिंग. सकाळी आंघोळ करून लिंगाची पूजा आटोपली की ओल्या केसांनीच ती झाडांकडे जायची. प्रत्येक झाडापाशी थांबून पानं बोटांत चुरायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि स्वतःशी कानडीत काहीतरी पुटपुटायची. बी निवडताना एखादा दाणा दाताखाली फोडून बघायची आणि थुंकून टाकायची. स्वतः तिनं त्या झाडाचा धूर कधी घेतला नाही, की घोटून प्याली नाही.

त्या झाडात नर वेगळा असतो आणि मादी वेगळी. लोक मादीच्या फुलोऱ्यासाठी झाड लावतात आणि नर दिसला की उपटून फेकतात. नीलव्वाचं सगळं लक्ष नरावर असे. कुठल्या नराचा पराग कुठल्या मादीला लागू द्यायचा, हे ती सोयरीक जुळवावी तसं महिनाभर आधीपासून ठरवत असायची. मला एकदा म्हणाली, "पोरगी बघताना सगळी दहादा बघत्यात बाई. नवरा कोण बघतोय? आन् मग पोरं बिघडली म्हणून रडत्यात." ठरलेल्या मादीवर ती जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची, बाकीच्या झाडांचा वारासुद्धा तिला लागू नये म्हणून. असं वर्षानुवर्षं करत तिनं एक वाण तयार केला होता. झाड बुटकं, पान काळपट, बी बारीक आणि रेघारेघांचं. त्याला ती 'मुकी' म्हणायची. मुकी माणसाला हसवत नाही, बडबड करायला लावत नाही, तिच्यानं भीती वाटत नाही, नुसतं दुखणं दबतं आणि झोप लागते, असं तिचं म्हणणं होतं.

बी नेणाऱ्या माणसानं पुढच्या हंगामात येऊन हकीकत सांगायची, असा तिचा दंडक होता. येणारी माणसं बहुतेक म्हातारी असत. मागावर बसून कंबर गेलेले विणकर, दमेकरी, कुणी लकवा झालेला. घरच्या परसात किंवा रॉकेलच्या डब्यात एखादं झाड लावणारी माणसं. झोप लागली का, सकाळी डोकं जड होतं का, असं ती विचारायची. आणि सगळ्यात शेवटी, भ्या वाटलं का? कुणी 'थोडं वाटलं' म्हणालं, की त्या झाडाचं राखून ठेवलेलं सगळं बी ती चुलीत टाकायची.

मुकीची सुरुवात तिच्या नवऱ्यापासून झाली होती. शिवप्पा गिरणीत होता. पट्ट्यात सापडून त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. जखम भरली, पण नसलेला हात दुखायचा थांबला नाही. नसलेली बोटं कुणीतरी पिळतंय असं म्हणत तो भिंतीवर डोकं आपटायचा. सिद्धेश्वराच्या जत्रेत एका बैराग्यानं नीलव्वाला मूठभर बी दिलं. त्याचं पान दुधात घोटून दिलं की शिवप्पा झोपायचा. पण एखाद्या दिवशी उलटंच व्हायचं, रात्रभर घाबरून कोपऱ्यात बसून राहायचा. एकाच मुठीतलं एक झाड निजवतं आणि दुसरं भेडसावतं, हे तिनं तेव्हा पाहिलं. शिवप्पा पुढं तीन-चार वर्षं जगला. तो गेल्यावरही तिनं निवड करायचं सोडलं नाही.

हे तिनं मला स्वतः सांगितलं. बसूचं मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ते मला शेजारच्या बायकांकडून कळलं.

बसवराज तिचा एकुलता मुलगा. मी आले तेव्हा तो बाविशीचा असेल. दिवसभर अंगणात पोत्यावर बसून शेंगा सोलायचा. मोठे, सुंदर डोळे होते त्याचे, पण तो कुणाकडे बघायचा नाही. बोलला तर आईला मारायची एकच हाक, "अव्वा." भूक लागली तरी अव्वा, ऊन लागलं तरी अव्वा. शेजारणी सांगत की मॅट्रिकला हा पोरगा वर्गात पहिल्या पाचात होता आणि मंडळाच्या लेझमीत सगळ्यांच्या पुढं असायचा. नीलव्वा नापसंत झाडं उपटून छपरावर वाळत टाकायची, सरपणाला. भेडसावणारी, डोकं धरणारी, तिनं बाद केलेली झाडं. बसू मित्रांबरोबर छपरावर अभ्यासाला जायचा. घरात कुणाला काही कळायच्या आत वर्ष गेलं होतं. मग एक दिवस तो म्हणाला, माग माझं नाव घेत्यात. आजूबाजूच्या घरांतून दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा, आणि त्या प्रत्येक ठोक्यात त्याला आपलं नाव ऐकू यायचं. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला दोनदा ठेवलं. तिथून आला तो असा आला.

लोक तिला तोंडावर काही बोलत नसत, मागं बोलायचे. पोराचं वाटोळं करून हिचा हात थांबला नाही, असं म्हणायचे. मलाही सुरुवातीला ते समजत नसे. पुढं तिचं बी निवडणं रोज बघत गेले तसं माझ्या लक्षात आलं की ती थांबू शकत नव्हती. कुणाचंच डोकं फिरवणार नाही असं एक झाड जगात होऊ शकतं, हे तिला स्वतःला पटवून घ्यायचं होतं. ते झाड म्हणजे मुकी.

त्या अंगणात हसू येण्यासारखे प्रसंग अगदीच झाले नाहीत असं नाही. एकदा एक लांब केसांचा गोरा तरुण एका साधूबरोबर आला. गोव्याकडे निघाला होता आणि मुकीचं नाव कुठून तरी ऐकून आला होता. नीलव्वानं त्याला जोत्यावर बसवलं, भाकरी आणि शेंगाची चटणी खायला घातली. चटणीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग साधूला मध्ये घालून तिनं विचारलं, तुझी आई कुठंय? त्यानं सांगितलं की आईला भेटून दोन वर्षं झाली. नीलव्वा आत गेली आणि एक पुडी आणून तिनं त्याच्या हातावर ठेवली. तो वाकून वाकून नमस्कार करत गेला. पुडीत दोडक्याचं बी होतं. "घरी जाऊन लावू दे की," ती म्हणाली, "येल चांगला जातोय."

पेठेतला हवालदारही अधूनमधून यायचा. काठी टेकवून झाडांकडे पाठ करून बसायचा आणि चहा पिऊन जायचा. त्याच्या सासऱ्याचे गुडघे मुकीवर चालत होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. नीलव्वानं दोडका, घेवडा सगळा वाळू दिला. आंघोळीचं, भांड्याचं पाणी डब्यात साठवून ती मुकीची मोजकी झाडं जगवत होती. शेजारच्या बायकांना ते बघवत नसे, आणि त्यांचंही खरंच होतं. एका बाईनं तिची घागर लाथेनं उलटी केली. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यावर नीलव्वानं ओंजळीनं माती लोटली, ती ओली माती गोळा केली आणि झाडांच्या बुडाशी नेऊन घातली.

तिचं बी नेणाऱ्यांत नरसय्या नावाचा एक म्हातारा विणकर होता. तेलुगू घरातला, अगदी हळू बोलणारा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून उभा जन्म गेला होता, आता पाठ सरळ होत नव्हती. घरात तो आणि त्याची बायको लक्ष्मम्मा, दोघंच. नीलव्वानं नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि ते खरं होतं. तीन हंगाम तो येऊन हकीकत सांगत होता. झोप लागते, भीती वाटत नाही. नीलव्वा त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची.

दुष्काळात नरसय्याच्या मुलीनं आपला थोरला मुलगा कामासाठी आजोबांकडे पाठवून दिला. राजू नाव. सतरा-अठराचा, गावातली शेती सुटून मागावर बसलेला. तो फार बोलायचा नाही. नरसय्याच्या दारात रॉकेलच्या डब्यात मुकीचं झाड होतं, ते तसंच राहिलं. पोरगा घरात आल्यावर झाड काढायला हवं, हे नरसय्याच्या मनात आलं नाही. विचारलं होतं तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आसपास राजू सकाळी कामावर म्हणून निघाला आणि स्टेशनच्या पलीकडे रुळांवर जाऊन बसला. लोकांनी लांबून हाका मारल्या. गाडीनं शिट्टी दिली. तो उठला नाही.

दहावा-बारावा झाल्यावर लक्ष्मम्मा आमच्या अंगणात आली. मी शाळेच्या वह्या तपासत दारात बसले होते. म्हातारी जोत्यापाशी आली, कनवटीची पुडी काढून तिनं जोत्यावर ठेवली आणि म्हणाली, "हे तुमचं. घरात नको आता."

नीलव्वानं पुडी उघडून बी हातावर घेतलं. एक दाणा उजेडात धरून त्याच्या रेघा बघितल्या.

"पोरगं हेच ओढत हुतं?"

"हेच. दुसरं कुठलं असणार? दारातलंच." मग म्हातारीनं तिला जे सांगितलं ते मीही ऐकलं. पोरगा शेवटचे काही महिने जेवता जेवता मध्येच थांबून मान वर करायचा. कोण बोलावतंय, असं विचारायचा.

म्हातारी भांडली नाही. नीलव्वानं दिलेलं पाणी प्याली आणि गेली.

मी नीलव्वाला समजवायला गेले. म्हणाले, तो पोरगा गावाहून आला तेव्हापासूनच गप्प होता म्हणतात. दुष्काळ, घर सुटलेलं, मनात काय काय असेल. एका झाडावर सगळं कसं टाकता येईल? तिनं माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं.

"बाई, त्यो मान वर करून इचारायचा," ती म्हणाली. "बसू बी तसंच करायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ, पूजा करून अंगणात आली आणि तिनं झाडं उपटायला सुरुवात केली. फडकी बांधलेली, बिया धरलेली, सगळी. छपरावर न टाकता जागच्या जागी पेटवली. मग आतले पत्र्याचे डबे एकेक करून बाहेर आणले. अंगणात तीन दगडांची चूल मांडली, लोखंडी कढई ठेवली आणि बी भाजायला घेतलं. भाजलेलं बी उगवत नाही. कितीतरी वर्षांचं बी होतं ते, शिवप्पाच्या वेळेपासूनचं. कढईत बी तडतडायचं, ती उलथन्यानं हलवत राहायची, करपलं की परातीत ओतायची आणि पुढचा डबा उघडायची. शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास गल्लीत पसरला होता. दारातून माणसं डोकावून गेली. हवालदार आला, उभ्या उभ्या बघून परत गेला. एक विणकर पुढं होऊन म्हणाला, नीलव्वा, मुकीची एक मूठ तरी ठेव. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. बसू तिच्याजवळ बसला होता. त्यानं परातीतलं भाजलेलं बी उचलून तोंडात टाकलं. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं आणि पदरानं त्याची जीभ पुसली.

त्यानंतर आठवडी बाजारात ती भाजीचं बी विकायला बसायची, पण बी दाताखाली फोडून बघणं तिनं सोडलं.

पुढचा उन्हाळा सरता सरता श्रीपूरच्या साखर कारखान्यातला एक फिटर आला. दादाराव नाव होतं त्याचं. त्याच्या बायकोच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी मुंबईहून परत पाठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं मुकीचं बी नेलं होतं आणि त्या झाडावर बायकोला रात्री थोडी झोप लागत होती. उन्हाळ्यात ते झाड जळून गेलं होतं. बाजारातला गांजा आणून दिला तर ती घाबरून किंचाळते, म्हणाला. नीलव्वानं त्याला सांगितलं की बी उरलं नाही. त्याला वाटलं ती देत नाही. घरात पोरगं नाही मावशी, मला मूलबाळच नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी तिनं सगळे रिकामे डबे आणून त्याच्यापुढं मांडले. त्यानं एका डब्यात हात घालून कडेला चिकटलेलं काही आहे का ते चाचपून बघितलं. मग डब्यावर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.

तो गेल्यावर नीलव्वानं डबे पुन्हा आत नेऊन ठेवले. मी दारातच होते. जाता जाता ती थांबली.

"भाजताना ह्याची बायकू माझ्या ध्यानात हुती बाई," ती म्हणाली. "माझ्या ध्यानात न्हाय असं न्हवतं."

आणि ती आत गेली.

सत्त्याहत्तर साली माझी अक्कलकोटला बदली झाली. निघताना तिनं मला मेथीचं बी दिलं. बसूनं माझ्या ट्रंकेकडे बघून 'अव्वा' म्हटलं. नंतर सोलापूरला जाणं झालं तरी भवानी पेठेत जाणं होत नसे. तिच्या पोटात गोळा झाल्याचं एका जुन्या शेजारणीनं सांगितलं होतं. विजापूरकडचे तिचे भाचे येऊन गेले; घर सांभाळू म्हणाले, बसूचं नाव काढलं नाही.

असंच एका दुपारी, शाळा सुटल्यावर, अक्कलकोटात मठाच्या रस्त्यानं घरी येत होते. मठाजवळच्या एका धर्मशाळेत तेव्हा दुपारी येईल त्याला पान वाढत. त्या दारात मला नीलव्वा दिसली. आधी ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आली होती आणि पोट मात्र लुगड्याखाली पुढं आलेलं. बसूचा हात धरून ती रांगेत उभी होती. तो आता पोक्त दिसत होता, दाढीत एखाद-दुसरा पांढरा केस. अंगात नवा सदरा होता, घडीच्या रेघा तशाच.

मी पुढं झाले तशी तिनं दुसऱ्या हातानं मला थांबवलं आणि बसूला रांगेत सोडून माझ्याकडे आली.

"तुमी त्याला दिसू नका," ती म्हणाली. "तुमाला बघितलं की घर आठवंल त्याला."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, त्याला इथं ठेवण्याबद्दल कुणाशी बोलणं झालंय का? ती म्हणाली की आवारात झाडलोट करणारा एक म्हातारा आहे, कानडी बोलतो. त्याच्या कानावर घातलंय. हितं कुणी उपाशी राहत न्हाय म्हणत्यात, म्हणाली. मी म्हणाले, माझी खोली जवळ आहे, दोन दिवस दोघं राहा, काहीतरी बघू. तिनं नाही म्हणून मान हलवली. दोन दिवसांनी तिला उठवेल याची खात्री नव्हती.

मी खांबाआड उभी राहिले. तिनं बसूला पंगतीत बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी उकिडवी बसली. वाढपी आला. भात पडला, आमटी पडली. तिनं भातात आळं करून आमटी कालवली, एक घास चाखून बघितला आणि पान त्याच्या पुढं सरकवलं. तो खाली मान घालून जेवायला लागला. ती गुडघ्यावर हात रोवून उठली, नळावर हात धुतला आणि दाराबाहेर पडली. वळून बघितलं नाही.

मी तिच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेले. सोलापूरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं हात देऊन तिला वर घेतलं. ती खिडकीशी बसली आणि समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी खाली खिडकीपाशी उभी होते. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"आमटी तिखट हुती बाई," ती म्हणाली. "त्याला पानी द्या म्हणावं."